हाक आणि हटकणे : संशयाच्या नजरेतील मिश्रवंशीय कुटुंब

लुई अल्थ्यूसर यांच्या विचारप्रणालीविषयक निबंधातील (१९७०) एक प्रसंग साहित्यसमीक्षेने इतक्या वेळा उद्धृत केला आहे की, त्याच्याकडे प्रसंग म्हणून पाहण्याची सवयच मोडली आहे. रस्त्यात पोलीस मागून हाक मारतो. ज्याला ती आपल्यासाठी आहे असे वाटते तो वळतो, आणि त्या वळण्यातच तो 'कर्ता' होतो, म्हणजे व्यवस्थेने दिलेली ओळख स्वतःची म्हणून स्वीकारतो. हे केवळ सैद्धान्तिक नाट्य आहे, प्रत्यक्षात हाक आधी आणि कर्ता नंतर असा क्रम नसतो, असा खुलासा अल्थ्यूसर यांनी स्वतःच केला आहे. तरीही नाट्य म्हटले की पात्रयोजना आली, आणि या पात्रयोजनेचा विचार पुरेसा झालेला नाही. रंगमंचावर हाक मारणारा एक आहे आणि वळणाराही एकच आहे. वळणाऱ्याच्या हातात कोणाचा हात नाही.

रस्त्यावरून जाणारी माणसे दोन असतील, त्यांचे वर्ण भिन्न असतील आणि त्यांच्यातील नाते पाहणाऱ्याला पटणारे नसेल, तर प्रसंगाचे स्वरूप पालटते. पोलिसाचा प्रश्न 'तू कोण?' असा राहत नाही. तो 'ही तुझी कोण लागते?' असा होतो. येथे व्यक्तीला नव्हे, तर दोन व्यक्तींमधील नात्याला थांबवले जाते. या कृतीसाठी 'हाक' हा शब्द अपुरा आहे. मराठीत तिच्यासाठी वेगळे क्रियापद आहे : हटकणे. हाक मारणाऱ्याला माणूस हवा असतो, हटकणाऱ्याला खुलासा हवा असतो. हाकेला 'ओ' दिली की ती पुरी होते. हटकलेल्या माणसाने दिलेले उत्तर मात्र तपासले जाते, आणि ते पुरेसे आहे की नाही हे हटकणारा ठरवतो. शिवाय शेताच्या बांधावर किंवा वाड्याच्या दारात ज्याला हटकले जाते, त्याचे तेथे असणे हेच मुळी शंकास्पद मानलेले असते. मिश्रवंशीय कुटुंबांविषयीच्या लेखनाचा विचार करताना हा भेद निर्णायक ठरतो.

फ्रांत्झ फॅनन यांच्या 'ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स' (१९५२) या ग्रंथात अल्थ्यूसर यांच्या आधी अठरा वर्षे असाच एक प्रसंग आला आहे. तेथे बोट दाखवतो तो पोलीस नव्हे, तर आईबरोबर असलेला एक गोरा मुलगा. त्या एका उद्गाराने पाहिल्या गेलेल्या माणसाची स्वतःच्या शरीराविषयीची जाणीव ढासळते आणि तिची जागा कातडीचा इतिहास घेतो. ओळख लादणारी नजर राज्यसंस्थेच्या गणवेशाशिवायही वावरते, हे फॅनन यांनी दाखवले. परंतु या प्रसंगात कुटुंब आहे ते पाहणाऱ्याच्या बाजूला. पाहिला जाणारा पुन्हा एकटाच आहे. याच ग्रंथातील दोन प्रकरणे भिन्नवर्णीय स्त्रीपुरुषांच्या संबंधांना वाहिलेली आहेत. तेथे हे संबंध मुख्यतः गोरेपणाच्या वासनेचे लक्षण म्हणून वाचले जातात. वासनेचे विश्लेषण होते, पण संसार, मूल, बाजारहाट, बागेतला फेरफटका या गोष्टी चर्चेत येत नाहीत. थोडक्यात, एका सिद्धान्ताने एकाकी कर्ता पाहिला आणि दुसऱ्याने एकाकी शरीर पाहिले. हातात हात धरून चाललेली माणसे दोन्हींतून निसटली.

ती माणसे कायद्याच्या आणि साहित्याच्या नोंदींत मात्र आहेत. हटकणाऱ्याला त्यांनी दिलेल्या उत्तरांचे तीन प्रकार दिसतात : दाखला, साक्ष आणि सोंग.

दाखल्याचे उदाहरण अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातले आहे. रिचर्ड लव्हिंग हे गोरे आणि त्यांची पत्नी मिल्ड्रेड या कृष्णवर्णीय व मूलनिवासी वंशाच्या. जून १९५८ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन येथे विवाह केला. पुढच्याच महिन्यात एका रात्री शेरीफ आणि त्यांचे सहकारी त्यांच्या झोपण्याच्या खोलीत शिरले. सोबत झोपलेली ही बाई कोण, असे रिचर्ड यांना विचारण्यात आले. उत्तर मिल्ड्रेड यांनी दिले : मी यांची पत्नी. विवाहाचा दाखला भिंतीवर लावलेला होता. तो इथे चालत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. या प्रसंगाची रचना पाहण्याजोगी आहे. प्रश्न तिच्याविषयी आहे, पण तिला विचारलेला नाही. उत्तर तिने दिले आहे, पण ते ग्राह्य नाही. कागद अस्सल आहे, पण तो वाचणाऱ्या व्यवस्थेत त्याला अर्थ नाही. १९५९ साली दोघांना एक वर्षाची शिक्षा झाली आणि पंचवीस वर्षे राज्याबाहेर राहण्याच्या अटीवर ती स्थगित ठेवण्यात आली. १२ जून १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे विवाह गुन्हा ठरवणारे कायदे घटनाबाह्य ठरवले. तोवर सोळा राज्यांत ते शिल्लक होते.

दाखल्याला यापुढे अर्थ प्राप्त झाला. हटकणे मात्र थांबले नाही. याच न्यायालयाने पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, 'टेरी विरुद्ध ओहायो' या खटल्यात निर्णय दिला की, अटकेला लागतो तेवढा सबळ आधार नसला तरी 'वाजवी संशय' असल्यास पोलिसाला माणूस थांबवता येतो. या दोन निकालांत कार्यकारणाचा संबंध नाही. परंतु ते शेजारी ठेवून वाचले की एक स्थित्यंतर दिसते. पहिल्या निकालापर्यंत संहितेने गुन्हा ठरवलेले नाते पोलिसाने हुडकायचे होते. आता ते नाते गुन्हा राहिले नाही, पण एखादे दृश्य संशयास्पद आहे की नाही हे ठरवण्याचा पहिला अधिकार पाहणाऱ्याच्या नजरेकडे राहिला. संशयासाठी वस्तुनिष्ठ कारणे सांगता आली पाहिजेत, अशी अट न्यायालयाने घातली होती. त्या कारणांत वर्ण कसा मिसळतो, हा प्रश्न २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांविरुद्धच्या 'फ्लॉइड' खटल्याच्या निकालापर्यंत येऊन पोचला. थांबवण्याची आणि झडतीची तेथील पद्धत घटनेचे उल्लंघन करणारी आहे, असे त्या निकालात म्हटले गेले. संहिता बदलली तरी वाचनाची रीत टिकून राहते, हे साहित्याच्या अभ्यासकाला नवे नाही.

साक्षीचा प्रकार डॅन्झी सेना यांच्या 'कॉकेशिया' (१९९८) या कादंबरीत येतो. काळ १९७० च्या दशकातील बॉस्टनचा. निवेदक बर्डी हिचा पिता कृष्णवर्णीय आणि आई गोरी आहे. बर्डी स्वतः दिसायला गोरी आहे. पिता तिला सार्वजनिक बागेत घेऊन जातो. एक वयस्कर गोरे जोडपे त्यांच्याकडे पाहत राहते, आणि काही वेळाने पोलीस येतात. पित्याने ही माझी मुलगी असे सांगितल्यावरही ते मुलीलाच वेगळे विचारतात. या माणसाने तिला काही केले का, ती निर्धास्तपणे सांगू शकते, असा त्यांच्या बोलण्याचा सूर असतो. एकाच कृतीत दोन वेगळी संबोधने येथे एकत्र आली आहेत. पित्याला ती संशयित म्हणून संबोधते आणि मुलीला बळी म्हणून. पोलीस या दोघांना एकाच वेळी दोन परस्परविरोधी ओळखी देतो, आणि त्यांच्यामधले नाते त्या दोन ओळखींच्या फटीत पडते. मुलीची सुटका पित्यापासूनच करायची आहे, असे व्यवस्था तिला सांगते. पितृत्वाचा निवाडा त्या लहान मुलीच्या साक्षीवर येऊन ठेपतो, आणि तिने गप्प राहणे हासुद्धा पुरावा ठरू शकतो.

येथे आक्षेप घेता येईल की, मूल संकटात आहे अशी शंका आल्यास विचारपूस करणे हे पोलिसाचे आणि नागरिकाचे कर्तव्यच आहे. हा आक्षेप वाजवी आहे आणि कादंबरीही तो फेटाळत नाही. बागेतील जोडप्याची काळजी ढोंगी आहे, असे मानण्याचे कारण नाही. प्रश्न काळजीच्या खरेपणाचा नसून ती कोणत्या चिन्हाने जागी होते याचा आहे. मुलीने आरडाओरडा केलेला नाही, पित्याने जबरदस्ती केलेली नाही; तोंडावळा आणि वर्ण जुळत नाही एवढेच चिन्ह तेथे आहे. कादंबरीच्या पुढील भागाशी हा प्रसंग ताडून पाहिला म्हणजे त्याचे गांभीर्य कळते. आईवडील विभक्त झाल्यावर बर्डी गोऱ्या आईबरोबर खोट्या नावाने, खोट्या धर्माची बतावणी करून राहू लागते. या मायलेकींनी सांगितलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट असत्य आहे, पण त्यांचे मायलेकी असणे कोणी तपासत नाही. जे नाते सांगितले तसेच आहे त्याला बागेत हटकले जाते, आणि रचलेल्या कहाणीला वर्णाचा जुळलेला रंग पुरेसा दाखला ठरतो. ज्याच्या साक्षीवर एकेकाळी सगळे अवलंबून होते त्या मुलाला निवेदकाचे स्थान देऊन सेना यांनी ती साक्ष पोलिसाच्या हातून काढून वाचकाकडे सोपवली आहे. प्रथमपुरुषी निवेदनाची ही निवड म्हणूनच केवळ तंत्राची राहत नाही.

तिसरा प्रकार सोंगाचा. ट्रेव्हर नोआ यांचे 'बॉर्न अ क्राइम' (२०१६) हे आत्मकथन दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाच्या अखेरच्या पर्वातले आहे. मिश्र विवाहांना बंदी घालणारा कायदा तेथे १९४९ साली आला. शरीरसंबंधांवरील १९२७ चा निर्बंध १९५० मध्ये सर्व गोरेतरांपर्यंत वाढवण्यात आला. हे निर्बंध १९८५ मध्ये उठले. नोआ यांचा जन्म १९८४ चा, आई झोसा आणि वडील स्विस. मुलाचा वर्ण आईच्या वर्णाशी जुळत नसल्याने ती बाहेर जाताना 'कलर्ड' म्हणून वर्गीकृत शेजारणीला सोबत घेई. शेजारीण मुलाची आई असल्यासारखी त्याच्याबरोबर चाले आणि खरी आई मोलकरणीसारखी काही पावले मागून येई. हटकले जाण्याआधीच दिलेले हे उत्तर आहे. पाहणाऱ्याच्या नजरेला जे कुटुंब पटेल ते उभे करायचे आणि खरे कुटुंब त्याच्या मागे लपवायचे. पुस्तकाचा सूर विनोदाचा आहे. त्या विनोदाने प्रसंगातील क्रौर्य सौम्य होते, असे म्हणता येत नाही. उलट, वर्गीकरणाची व्यवस्था एवढ्या साध्या पात्रबदलाने फसते हे त्यातून उघडे पडते.

याच पुस्तकात अल्थ्यूसर यांच्या नाट्याचे जणू उलटे रूप सापडते. जोहान्सबर्गच्या जूबेर पार्कमध्ये वडील अंतर राखून चालत आहेत. लहानगा ट्रेव्हर त्यांना वडील म्हणून हाका मारत त्यांच्यामागे धावतो. लोक पाहू लागतात, आणि वडील घाबरून पळतात. मुलाला तो खेळ वाटतो. येथे हाक मुलाची आहे, मागून आलेली आहे, आणि ती योग्य माणसालाच लागू आहे. परंतु तो वळत नाही. वळला तर तो पिता ठरेल, आणि पिता ठरला तर गुन्हेगार. हाक पोलिसाची नसतानाही हटकण्याचे काम तिने केले आहे. कुटुंबातील सर्वांत साधे संबोधन जेथे पुरावा बनते, तेथे राज्यसंस्थेला प्रत्येक वेळी बागेत पोलीस उभा करण्याची गरज उरत नाही.

अल्थ्यूसर यांच्या निबंधातील आणखी एका मुद्द्याला या प्रसंगाने मर्यादा पडते. त्यांच्या मते मूल जन्मण्यापूर्वीच कर्ता झालेले असते. ते पित्याचे नाव लावणार हे ठरलेले असते, आणि कुटुंब त्याची वाट पाहत असते. पण ज्याने जन्माला येऊच नये अशी कायद्याचीच योजना आहे, त्या मुलाची वाट कोणती विचारप्रणाली पाहत असते? तीही त्याच्यासाठी एक जागा राखून ठेवते, पण ती अपराधाच्या पुराव्याची. कर्तेपण आणि पुरावा असणे या दोन अवस्थांमध्ये फरक आहे. मिश्रवंशीय कुटुंबांविषयीचे लेखन या फरकातच घडते, असे म्हणावे लागेल.

मराठीत कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख प्रामुख्याने विद्रोहाच्या अंगाने झाली. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच ब्लॅक पँथरवरून घेतले होते, आणि त्या जवळिकीतून जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांचे लेखन अधिक वाचले गेले. या वाचनाने बरेच दिले. पण त्यात मोर्चा, तुरुंग, रस्ता ही स्थळे ठळक झाली आणि बागेतला फेरफटका मागे राहिला. ती उणीव भरताना वर्ण आणि जात यांचे घाईने समीकरण मांडणे मात्र योग्य होणार नाही. वर्ण दुरून वाचता येतो असा पाहणाऱ्याचा समज असतो. जात बहुधा विचारावी लागते, म्हणून येथील हटकणे 'आडनाव काय?' या प्रश्नाने सुरू होते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालील तीस दिवसांची जाहीर सूचना हेही नात्याला खुलासा मागणेच आहे. फक्त तेथे नजरेऐवजी फलक आहे. दोन्हीकडील यंत्रणा वेगळ्या आहेत, त्यामुळे त्यांची वाचनेही वेगळी करावी लागतील.

समीक्षेपुरता निष्कर्ष मर्यादित पण निश्चित आहे. कर्त्याच्या घडणीचा सिद्धान्त एकट्या माणसावर बेतला गेला, तर दाखला, साक्ष आणि सोंग ही तिन्ही उत्तरे त्याला दुय्यम तपशील वाटतात. या संहितांत मात्र तीच मध्यवर्ती आहेत, कारण तेथे पणाला लागलेली गोष्ट 'मी कोण' ही नसून 'ही माझी आहे' असे चारचौघांत म्हणता येणे ही आहे. त्या वाक्याला पुरावा का लागतो, आणि तो कोणाकडून मागितला जात नाही, या दोन प्रश्नांपासून अशा संहितांचे वाचन सुरू व्हायला हवे.