‘मी मारलं’ असं सांगणाऱ्या आवाजाबद्दल

पत्रिकेवर माझ्या विषयाचं नाव ‘खुनी निवेदक’ असं छापलंय. ते वाचून दोघातिघांनी चहाच्या वेळी मला विचारलं, की सर, आज वेब सिरीजवर बोलणार का? नाही. सिरीजमध्ये खुनी आपल्याला दिसतो, आपण त्याच्याकडे बघतो. मला बोलायचंय ते अशा गोष्टीबद्दल, जिथं खुनीच गोष्ट सांगतो. त्याच्या डोळ्यांनी बघण्यावाचून वाचकाला इलाज नसतो. आणि हा खुनी रागाच्या भरात कोयता चालवून पोलीस चौकीत हजर होणारा नव्हे. ज्याला आत काही टोचतच नाही, असा. मानसशास्त्रात त्याला सायकोपॅथ म्हणतात. हर्वी क्लेक्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं 1941 साली अशा माणसांवर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावाचा अर्थ ‘शहाणपणाचा मुखवटा’. माणूस बोलायला गोड, हुशार, आणि आत पोकळी.

आपल्याकडं खुन्याची गोष्ट काही नवी नाही. वाल्या कोळ्याची गोष्ट आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकली. सात रांजण, एका जिवामागं एक खडा. पण दोन गोष्टी बघा. एक, ती गोष्ट वाल्या सांगत नाही, बुवा सांगतात. आणि दुसरी, ‘माझ्या पापात वाटेकरी कोण?’ या प्रश्नावर ती वळते. मराठी श्रोत्याचा कान या वळणाला सरावलाय. खुनी बोलायला लागला, की आपण पश्चात्तापाची वाट बघत बसतो. तो आला नाही तर आपल्याला वाटतं गोष्ट अर्धी राहिली.

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड ही नावं इथल्या साठी ओलांडलेल्या मंडळींना पाठ असतील. तिथं आपण पाठलाग करणाऱ्याच्या बाजूनं पळतो आणि शेवटच्या पानावर खुनी हाती लागतो. त्यात मजा होती, पण खुन्याच्या डोक्यात जायची वेळ येत नव्हती.

मग खुन्याचा ‘मी’ आपल्या मुलखात पहिल्यांदा आला कुठून? माझं उत्तर असं, की तो जबाबातून आला. फिलिप मेडोज टेलर हे नाव सोलापूर-धाराशिवकडच्या लोकांना माहीत असायला हवं. निजामाच्या नोकरीतला हा इंग्रज अधिकारी, 1853 नंतर नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्याच्याकडं होता. तुळजापूरच्या परिसरावर, अफझलखानाच्या काळावर ‘तारा’ नावाची कादंबरी त्यानं लिहिली. पण त्याच्या आधी, 1839 साली, त्याची पहिली कादंबरी आली होती : एका ठगाचा कबुलीजबाब. इंग्रजीत, तीन खंडांत. त्यात अमीर अली नावाचा ठग एका साहेबासमोर बसून आपलं आयुष्य सांगतो. त्याच्या नावावर खून किती? 719. आणि बारा वर्षं तुरुंगात गेली नसती तर हजार झाले असते, असा त्याचा हिशोब आहे. वाल्याचे खडे आणि अमीर अलीचा आकडा, दोन्ही मोजदादच. पण वाल्याची मोजदाद त्याला खाली ओढते आणि अमीर अलीची त्याला वर चढवते. तो आकडा सांगताना त्याची मान ताठ आहे.

ठगांचा खरा इतिहास काय, साहेबांनी किती रंगवला, यावर इतिहासकारांत वाद आहे आणि तो वाद योग्यच आहे. मी इथं कादंबरीबद्दल बोलतोय. त्या कादंबरीचं सामर्थ्य असं, की अमीर अली चांगला सोबती आहे. प्रवासात तो वाटसरूंशी गप्पा मारतो, मुक्काम कुठं करावा हे सांगतो, त्यांची काळजी घेतो. ती काळजी खोटी वाटत नाही. मग रात्री रुमाल पडतो. आपण वाचक आधीच त्याच्या तळावर जेवलेले असतो, म्हणून आपल्यालाही हात झटकता येत नाहीत. ठगांचा एक विधी होता, गुळाचा. तो गूळ ज्यानं एकदा चाखला तो ठगच झाला, अशी त्यांची समजूत. उसाच्या पट्ट्यात बसून हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करतो. चांगला खुनी निवेदक वाचकाला तोच गूळ देतो.

एका ठिकाणी मात्र टेलर कच खातो. अमीर अलीच्या हातून स्वतःची सख्खी बहीण मारली जाते, आणि हे त्याला नंतर कळतं. मग शोक, विलाप. मला हा प्रसंग कादंबरीतला सगळ्यात कमकुवत वाटतो. कारण त्याचा अर्थ असा होतो, की 718 परके होते ते चाललं, बहीण निघाली तेव्हा दुःख झालं. टेलरला वाटलं असेल, आता हा माणूस झाला. मला उलट वाटतं, तो तिथंच सगळ्यात उघडा पडतो, आणि ते लेखकाच्या लक्षात आलेलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. अमीर अली बोलतोय कोणाला? साहेबाला. आणि का? कारण तो माफीचा साक्षीदार आहे. त्याचा जीव त्याच्या बोलण्यावर टिकलाय. कायद्यात माफी मिळते ती सगळं खरं सांगण्याच्या अटीवर, म्हणजे जितकं जास्त सांगशील तितका उपयोगाचा. अशा माणसाचं ओघवतं बोलणं आपण ‘प्रामाणिक’ म्हणून वाचायचं का? खुन्याचा ‘मी’ समोर आला की मी आधी हे दोन प्रश्न विचारतो : ऐकणारा कोण, आणि सांगून मिळणार काय?

माझ्या ओळखीचे एक निवृत्त हवालदार आहेत. ठाण्यात ते रायटर होते, शेकडो जबाब त्यांच्या हातचे. ‘समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की’ असं सुरू होतं ना, ते. ते मला म्हणाले, “सर, जबाबात ‘मी’ त्याचा असतो, पण मराठी माझी असते.” म्हणजे आरोपी बोलणार वेगळंच, आणि कागदावर ‘सदर इसमास’ येणार. पोलिसांपुढची कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या 25व्या कलमात ते होतं, नव्या कायद्यातही ठेवलंय. साहित्याच्या वाचकानं एवढा संशय तरी धरावा.

पुण्याचं जोशी-अभ्यंकर प्रकरण तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. जानेवारी 1976 ते मार्च 1977, दहा खून, आणि करणारी चित्रकलेच्या कॉलेजातली पोरं. चौघांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांचा एक जोडीदार माफीचा साक्षीदार झाला. पुढं त्यावर ‘माफीचा साक्षीदार’ हा सिनेमाही आला, नाना पाटेकरचा. त्या चौघांपैकी मुनव्वर शाहनं तुरुंगात पुस्तक लिहिलं, ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’. पुस्तकाचं नाव बघा. आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून बोलायचं वाक्य आहे ते. पण निकाल तर 1978 सालीच लागला होता. कोर्टाला त्या वाक्याचा आता उपयोग नव्हता. मग ते कोणाला उद्देशून? आपल्याला. न्यायाधीश बदलला, कठड्यासमोर वाचक बसवला. हे पुस्तक काहीजण ‘विकृत खुन्याचं मन’ म्हणून वाचतात, मला ते वाचन पटत नाही. ज्याला काही टोचत नाही, तो असं नाव कशाला देईल? किंवा, दुसऱ्या बाजूनं, काय नाव दिलं की लोक विरघळतात हे त्याला नेमकं कळेल. दोन्ही शक्यता त्या चार शब्दांत राहतात.

त्या प्रकरणातला पहिला मृतदेह लोखंडी पिंपात घालून पुण्यातल्या तळ्यात टाकला होता. पाणी गोष्ट लपवतं, असा शहरी माणसाचा भरवसा. उजनीकाठचा लेखक असं लिहायचा नाही. धरण मायनसमध्ये गेलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, जुन्या गावच्या भिंती येतात, आणि कुणाची वेस कुठं होती यावर भांडणंही.

परदेशातला नमुना सांगायचा तर जिम थॉम्प्सनची 1952 सालची ‘द किलर इनसाइड मी’. निवेदक लू फोर्ड टेक्सासमधल्या छोट्या गावात डेप्युटी शेरीफ, म्हणजे साधारण आपला फौजदार. गावात सगळ्यांना हवासा. त्याची एक सवय आहे : समोरच्याला गुळगुळीत म्हणी ऐकवत राहायचं, तो कंटाळून जाईपर्यंत. लोकांना वाटतं बिचारा साधा आहे. प्रत्यक्षात तो छळ करत असतो, हात न लावता. मला हे खुनांपेक्षा भयंकर वाटतं. ‘अशी माणसं शहरात, आमच्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात’ असं आपण म्हणतो. लू फोर्डलाही सगळे ओळखत होते.

मराठीत असा निवेदक आहे का? खुनी नव्हे, पण आवाज जवळचा असा एक आहे : भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’मधला पोक्या. 1965 साली आचार्य अत्र्यांनी त्या पुस्तकावर केवढी आग पाखडली. लोक म्हणतात, शिव्या आणि अश्लीलतेमुळं. मला वाटतं खरी अडचण वेगळी होती. पोक्या काय काय सांगतो आणि त्याला काही वाटत नाही, आणि लेखकही मध्ये येऊन ‘हे वाईट बरं का’ असं म्हणत नाही. कीर्तनातला बुवा गायब झाला होता.

शेवटी भाषेबद्दल, कारण लिहिणारी दोन-तीन पोरं इथं समोर बसलेली दिसतायत. मराठीत खुनी निवेदक लिहायचा तर व्याकरण आधी आडवं येतं. ‘मी खून केला.’ यात ‘केला’ जुळतं कशाशी? खुनाशी. सांगणारा बाई की बुवा, हेही त्यातून कळत नाही. पण ‘मी गेलो’, ‘मी गेले’ म्हटलं की लगेच कळतं. म्हणजे मराठी निवेदक नुसतं चालत घरी गेला तरी आपली ओळख देतो, आणि खून करताना देत नाही. आणखी बघा. आरोप करताना आपण म्हणतो, ‘तू खून केलास.’ तो ‘स’ करणाऱ्याला धरतो. कबुली देताना तो ‘स’ नाही. ‘हातून झालं’ म्हटलं की मग माणूसच उरला नाही, हात तेवढा उरला. तेच वर्तमानकाळात लिहा : ‘मी दोर ओढतो.’ आता क्रियापद त्याच्या अंगावर आलं. कुठल्या क्षणी निवेदक भूतकाळ सोडून वर्तमानात येतो, किंवा ‘केलं’वरून ‘झालं’वर घसरतो, तिथं त्याचा खोटेपणा पकडता येईल. यासाठी मानसशास्त्राचं पुस्तक लागत नाही.

आणि एक. प्रमाण मराठीत ‘मी गेलो’ आणि ‘मी मारलं’ यांतला ‘मी’ सारखाच. पण करमाळ्याकडची, माढ्याकडची म्हातारी माणसं अजून ‘म्या’ म्हणतात ना? ‘मी गेलो’, पण ‘म्या केलं’. ज्ञानेश्वरीतही ‘म्यां’ आहे. करणाऱ्यासाठी ते वेगळं रूप आहे. जबाब लिहिणारा रायटर ते पहिल्या झटक्यात दुरुस्त करतो, शाळेतले गुरुजी करतात, मीही वर्गात कित्येक वर्षं केलं. आता तुमच्यापैकी कुणी अशी कादंबरी लिहायला घेतली, तर निवेदक पानोपान शुद्ध ‘मी’ बोलत असू द्या, गोड, शिकलेला. आणि ‘म्या’ कुठल्या पानावर येईल ते ठरवा. येईल की नाही, तेही.