टॉमीगनचा दस्ता

बेळगावच्या मराठा रेजिमेंट सेंटरचा अभिमान असलेल्या नाईक यशवंत घाडगे यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात एक तपशील आहे. 10 जुलै 1944, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. तुकडीतले बाकी सगळे मेलेले किंवा जखमी. घाडगे एकटेच मशीनगनवर धावून गेले. ग्रेनेडने मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडपून मारलं.

शौर्याची वाक्यं लोक भारावून वाचतात आणि पुढे जातात. मला इथे बंदूकच वाचाविशी वाटते.

टॉमीगन ही हातात धरून सलग गोळ्या झाडणारी बंदूक, वजनाला पाच किलोच्या आसपास. सैनिक या वजनाला वैतागत. पण हेच वजन कामाचं होतं. गोळी 15 ग्रॅमची, सेकंदाला 280 मीटर वेगाने सुटणारी. ती पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येणारच, आणि जितकी जड तितकी सावकाश. निम्म्या वजनाची असती, तर दुप्पट वेगाने खांद्यावर आदळली असती. मिनिटाला 700 गोळ्यांच्या हिशेबाने सलग फैरीचा सरासरी रेटा पाच किलोच्या वजनाएवढा भरतो, म्हणजे जवळजवळ बंदुकीच्या स्वतःच्याच भाराइतका! हा योगायोग मला फार आवडतो.

खरी खोड मात्र वेगळी. झटका नळीच्या रेषेत येतो आणि खांद्याचा आधार असतो त्याखाली, कारण दस्ता खाली उतरता आहे. मग बंदूक खांद्याभोवती फिरते, तोंड वर उसळतं. पहिली गोळी नेमावर, पुढच्या आभाळाकडे. 1928च्या नमुन्यात नळीच्या तोंडाशी वरून खाचा पाडल्या होत्या. त्यांतून उसळणारा वायू तोंड खाली दाबायचा. बाकीचं काम पुढच्या हाताचं. घाडग्यांच्याच रेजिमेंटचे नामदेव जाधव 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीकाठी हाताला जखम झाल्यावर टॉमीगन टाकून ग्रेनेडकडे वळले, त्यात हातांचं मोल कळतं.

वीस गोळ्यांचं मॅगझिन सलग फैरीत दोन सेकंदांच्या आत रिकामं होतं. घाडग्यांनी मग बंदूक उलटी केली. झटका शोषणारं ते वजन आता घावामागे उभं राहिलं, आणि तोंड वर उसळवणारा उतरता लाकडी दस्ता घाव घालणाऱ्या टोकाला आला.