सोफिया गोज्जा: चुकून सावरण्याची कला

स्कीइंगमधली डाउनहिलची शर्यत टीव्हीवर पहिल्यांदा पाहणाऱ्याला सगळ्या जणी एकसारख्याच दिसतात. हेल्मेट, अंगाला चिकटलेला सूट, गुडघ्यांत मुडपलेलं शरीर, आणि दीड-पावणेदोन मिनिटांत खेळ खलास. कोपऱ्यातलं घड्याळ हिरवं होतं किंवा लाल होतं, एवढंच. फरक कळायला लागतो तो हातांकडे पाहायला शिकलं की. जिचं सगळं सुरळीत चाललंय तिचे हात चेहऱ्यापुढे एकत्र, जागच्या जागी असतात. इटलीच्या सोफिया गोज्जाचे हात असे गप्प बसलेले फार क्वचित दिसतात. एक हात मध्येच मागे फेकला जातो, एक स्की बर्फावरून उचलली जाते, आता ही पडली असं वाटतं. आणि खाली घड्याळ हिरवं होतं.

हे कसं होतं, ते समजून घेण्यातच तिच्या खेळाची गोडी आहे.

डाउनहिलमध्ये गेट एकमेकांपासून खूप लांब असतात. स्लालममध्ये पुढचं वळण समोरच उभं असतं. इथे दोन गेटांमधली वाट धावणारीनं ठरवायची. गोलाई देऊन गेलं तर वळण सोपं होतं, पण अंतर वाढतं. सरळ घुसलं तर अंतर वाचतं आणि पुढच्या वळणाला त्याचं सगळं बिल भरावं लागतं. गोज्जा बहुधा दुसरा पर्याय घेते. मग वळण उशिरा सुरू होतं, बाहेरच्या स्कीवर एकदम भार येतो, तोल ढळतो. अशा वेळी बहुतेक जणी स्की किंचित आडवी घालतात. कड बर्फ खरवडते, तोल परत येतो आणि वेग मरतो. गोज्जा स्कीला हात लावत नाही, म्हणजे पायांना तिची दिशा बदलू देत नाही. ती खांदे, हात, कंबर यांनी हिशेब चुकता करते. वर सगळी धांदल चाललेली असते आणि खाली स्की आपली मुकाट्याने पळत असते. म्हणून तिच्या चुका डोळ्यांना जेवढ्या मोठ्या दिसतात तेवढ्या घड्याळाला दिसत नाहीत.

घड्याळ शतांश सेकंद मोजतं. ताशी 100 किलोमीटर वेगात एका शतांश सेकंदात साधारण 28 सेंटीमीटर कापले जातात. हे लक्षात ठेवून डिसेंबर 2021 मधला कॅनडातल्या लेक लुईझचा निकाल पाहावा. पहिली डाउनहिल गोज्जानं 1.47 सेकंदांच्या फरकानं जिंकली. त्या हिशेबानं दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धक जवळजवळ 40 मीटर मागे. दुसऱ्या दिवशी दुसरी डाउनहिल आणि तिसऱ्या दिवशी सुपर-जी, म्हणजे डाउनहिलपेक्षा जरा जास्त वळणांची वेगाची शर्यत, तीही तिचीच. जिथे शर्यतींचा निकाल बोटभर अंतरावर लागतो, तिथे ही दांडगाईच म्हणायची.

ती बर्गामोची, जन्म 1992 चा, स्की शिकली जवळच्याच फोप्पोलोच्या उतारांवर. वर्ल्ड कपमध्ये नाव व्हायला वेळ लागला, कारण मध्ये गुडघ्याची दुखणी आणि शस्त्रक्रिया. 2016-17 च्या मोसमापर्यंत तिच्या नावावर वर्ल्ड कपचा एकही पोडियम नव्हता. त्या एका मोसमात 13 झाले. पहिला विजय मार्च 2017 मध्ये दक्षिण कोरियातल्या जोंगसॉनला, तोही अमेरिकेच्या लिंडसे व्हॉनला मागे टाकून. दुसऱ्या दिवशी सुपर-जीत पुन्हा व्हॉन दुसरी, दोन्ही वेळा फरक दशांश सेकंदाच्या आत.

वर्षभरानं, फेब्रुवारी 2018 मध्ये, त्याच उतारावर ऑलिम्पिकची डाउनहिल झाली. वेळ 1 मिनिट 39.22 सेकंद. व्हॉन 0.47 नं मागे पडली तेव्हा सुवर्ण नक्की झाल्यासारखं वाटलं. मग बऱ्याच उशिरा नॉर्वेची रागनहिल्ड मोविंकेल आली आणि अवघ्या 0.09 पर्यंत येऊन ठेपली. डाउनहिलचं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारी गोज्जा ही पहिली इटालियन महिला. ही धाव पाहताना नवल वाटतं ते तिच्या शिस्तीचं. एरवी आपण गोंधळ घालतो, आज मात्र सामुराईसारखी बारीकसारीक गोष्ट टिपत उतरले, असं तिनं स्वतःच नंतर सांगितलं. पटण्यासारखं आहे. हात बऱ्यापैकी जागेवर आहेत, अंगात घाई नाही.

तरी तिची सर्वांत चांगली धाव निवडायची तर मी ही निवडणार नाही. ती दुसऱ्या कोणाचीही असू शकली असती, अर्थात फार थोरांपैकी कोणाची तरी. मी 22 जानेवारी 2022 ची, इटलीतल्याच कोर्तिनाची डाउनहिल निवडेन.

कोर्तिनाचा ‘ओलिंपिया देल्ले तोफाने’ हा उतार सुरुवातीलाच दोन उंच खडकांच्या मधल्या चिंचोळ्या धारेतून खाली सोडतो. पुढे लांब वळणं आहेत, वेग टिकवून ठेवण्याची. त्याआधीच्या आठवड्यात ऑस्ट्रियातल्या झाउखेनझेला ती जोरात आपटली होती. कोणीही पुढच्या शर्यतीत जरा हात राखून उतरलं असतं. गोज्जा उतरली ती त्याच सरळ वाटेनं. मध्यावर तिचा तोल इतका गेला की पडणं आणि न पडणं यांतलं अंतर संपल्यासारखं वाटलं. तरीही ती पहिली आली. टीकाकार म्हणतील, ही बेफिकिरी, नशिबानं वाचली. आणि दुसऱ्याच दिवशी, त्याच डोंगरावर, सुपर-जीत ती खरोखर पडली: डाव्या गुडघ्याच्या स्नायुबंधाला अर्धवट इजा, पायाच्या हाडाला बारीक फ्रॅक्चर. शनिवारी जे साधलं तेच रविवारी फसलं, हे खरं. पण तिच्या बाबतीत धोका काढून टाकून उरलेली कला वेगळी दाखवता येत नाही. दोन्ही एकाच निर्णयातून येतात.

त्या पडण्यानंतर 23 दिवसांनी बीजिंग ऑलिम्पिकमध्ये, यानचिंगच्या उतारावर तिला डाउनहिलचं रौप्य मिळालं. स्वित्झर्लंडची कोरिन सुटर 0.16 नं पुढे गेली. तिसरी आली इटलीचीच नादिया देलागो. या रौप्याबद्दल भरभरून लिहिलं गेलं आहे, म्हणून थांबतो.

जिद्दीच्या गोष्टींनी गोज्जाचं थोडं नुकसानच केलंय. डिसेंबर 2022 मध्ये सेंट मॉरिट्झला एका गेटवर आपटून तिच्या डाव्या हाताची हाडं मोडली, तरी ती त्या डाउनहिलमध्ये दुसरी आली. मिलानला जाऊन त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया करून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन जिंकली. सगळे तिच्या धैर्यानं हरखून गेले. मला त्यात धैर्यापेक्षा सुरुवात अधिक बघण्यासारखी वाटते. डाउनहिलच्या दारातून निघताना दोन्ही काठ्यांवर जोर देऊन स्वतःला बाहेर फेकायचं असतं; पहिला वेग तिथूनच मिळतो. मोडलेल्या हातानं तो जोर पुरता मिळणार नाही, आणि तोल सावरायला फेकायचा हातही जायबंदी. म्हणजे तिचं नेहमीचं हत्यारच गेलेलं. तरी जिंकली, याचा अर्थ हात फेकण्याखाली एक पक्की बैठक आहे, जी एरवी धांदलीत झाकली जाते. घाटात गाडी भन्नाट उतरवणारा ड्रायव्हर बेभान वाटतो, पण त्याचा पाय कुठे आहे हे त्याला ठाऊक असतं, तसंच काहीसं.

डाउनहिलचा मोसमी किताब तिनं चारदा घेतलाय: 2018, 2021, 2022 आणि 2023. यांतला 2021 चा विचित्र. सलग चार डाउनहिल जिंकल्यावर जानेवारीच्या शेवटी ती जखमी झाली, आणि तेही शर्यतीत नव्हे. गार्मिशची सुपर-जी रद्द झाली आणि स्की करत दरीकडे उतरताना ती पडली. घरच्या मैदानावरची, कोर्तिनाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा हुकली. आधी कमावलेले गुण मात्र कोणाला ओलांडता आले नाहीत. केवळ झोकून देणाऱ्याला अशी सातत्याची बक्षिसं मिळत नसतात.

फेब्रुवारी 2024 मध्ये सरावात तिच्या उजव्या पायाची नडगी मोडली. डिसेंबरमध्ये ती अमेरिकेतल्या बीव्हर क्रीकला हजर. तिथल्या ‘बर्ड्स ऑफ प्रे’ या पुरुषांच्या नावाजलेल्या उतारावर महिलांची डाउनहिल तेव्हा प्रथमच होत होती. तीत ती दुसरी आली. दुसऱ्या दिवशी सुपर-जी. या प्रकारात सरावाची फेरी नसते, सकाळी उतार पाहून घ्यायचा आणि एकदाच उतरायचं. ती 0.48 नं जिंकली. जानेवारीत कोर्तिनाची डाउनहिल पुन्हा तिची, चौथ्यांदा. लगेच फेब्रुवारी 2025 मध्ये साल्बाखची जागतिक स्पर्धा आली आणि तिथे डाउनहिलचं पदक परत हुकलं. ऑलिम्पिकचं सुवर्ण आहे, चार किताब आहेत, पण जागतिक स्पर्धांमधली तिची दोन पदकं जायंट स्लालम आणि सुपर-जीची आहेत. डाउनहिलचं एकही नाही. विक्रमांची वही लिहिणाऱ्यांना ही फट खटकेल. मला ती कोर्तिनाच्या त्या शनिवारशी अगदी सुसंगत वाटते.