गिलीज यांचा मुखशल्यग्रंथ आणि अध्यापकाचा प्रश्न

हॅरल्ड गिलीज यांचा ‘प्लॅस्टिक सर्जरी ऑफ द फेस’ हा ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला. सुघटन शल्यचिकित्सेचा आद्य ग्रंथ म्हणून त्याचा उल्लेख वारंवार होतो आणि तो बहुतेक गिलीज यांच्या एकट्याच्या कर्तृत्वाचा दाखला म्हणूनच केला जातो. ग्रंथाचे मुखपृष्ठ मात्र निराळीच साक्ष देते. कृत्रिम दंतरचनेसंबंधीचे प्रकरण विल्यम केल्सी फ्राय या दंतवैद्याचे असून भूल देण्याविषयीचे विवेचन वेड या तज्ज्ञाचे आहे, हे तेथे स्पष्ट नमूद केले आहे. मुखशल्यज्ञ घडविण्याचे काम एका गुरूच्या आवाक्यातले नाही, हा या ग्रंथाचा खरा सिद्धांत होय. तो ग्रंथाने कितपत पेलला, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम पार्श्वभूमी. सिडकप येथील रुग्णालय १९१७ मध्ये सुरू झाले. तेथे पाच हजारांहून अधिक सैनिकांवर अकरा हजारांवर शस्त्रक्रिया झाल्या. ब्रिटिश, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन व न्यूझीलंडचे असे विभाग तेथे शेजारी-शेजारी काम करीत. न्यूझीलंडच्या विभागाचे पिकरिल आणि कॅनेडियन विभागाचे वॉल्ड्रन हे दोघेही दंतवैद्यक व वैद्यक या दोन्ही शाखांत शिकलेले होते, ही गोष्ट योगायोगाची मानता येत नाही. गिलीज हे मूळचे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ. जबड्याच्या जखमांचे महत्त्व त्यांना १९१५ मध्ये फ्रान्समध्ये कळले, तेही व्हॅलाडिए या दंतवैद्याचे काम पाहून. व्हॅलाडिए यांच्याजवळ वैद्यकाची पदवी नव्हती. म्हणजे पदवीधर शल्यज्ञाचा पहिला अध्यापक पदवीच्या दृष्टीने त्याच्याहून कनिष्ठ होता! विद्यापीठीय मनाला हे पचविणे आजही जड जाते.

दंतवैद्याचे सहकार्य ही सोय नसून गरज का होती, हे समजून घेतले पाहिजे. जबड्याचा तुकडा उडालेला असताना त्यावरील त्वचेच्या कडा ओढून शिवल्या, तर जखम वरकरणी बुजते. परंतु व्रण आकसू लागला की उरलेली हाडे आत खेचली जातात, दातांची मिळणी बिघडते, आणि मग तोंड उघडणे व चावणेही कठीण होते. म्हणून आधी आतले अस्तर, मग आधार, आणि शेवटी बाहेरचे आवरण, असा क्रम गिलीज यांनी घालून दिला. यातील आधाराचे ज्ञान दंतवैद्याकडे होते. केल्सी फ्राय यांनी ते प्रयोगशाळेत मिळविलेले नव्हते. रणभूमीवर जबडा फुटलेल्या एका सैनिकाला त्यांनी पुढे वाकवून चालवत मागे आणले. तेथे त्याला उताणा निजविल्यावर तो थोड्याच वेळात गुदमरून मेला, ही हकिकत ते पुढे सांगत. जीभ मागे पडून श्वास कोंडतो, हे वाक्य पाठ्यपुस्तकातही सापडते. ते कोणाच्या तोंडून ऐकले, यावर शिकाऊ वैद्याच्या मनातील त्याचे वजन ठरते.

भूलतज्ज्ञाची बाजू तर याहून बिकट. शल्यज्ञाला जो चेहरा मोकळा हवा, त्याच चेहऱ्यावर भूल देणाऱ्याचा मुखवटा. यातून वाट निघाली ती १९१९ नंतर, मॅगिल व रॉबॉथम यांनी सिडकपमध्येच श्वासनलिकेत नळी घालून भूल देण्याची पद्धत विकसित केल्यावर. ग्रंथ या पद्धतीच्या परिपक्वतेपूर्वीचा असल्याने त्याचा तो भाग आज जुना झाला आहे. पण ही पद्धत ज्यांना सुचली ते रोज त्याच शस्त्रक्रियागृहात उभे राहणारे होते. आठवड्यातून एकदा येणाऱ्या पाहुण्या व्याख्यात्याला ती सुचली असती असे वाटत नाही.

आता उणिवा. ग्रंथाची मांडणी गाल, ओठ, हनुवटी, नाक, नेत्रपरिसर अशी अवयवांनुसार आहे. त्यामुळे दंतवैद्याचा विचार एका प्रकरणात बंदिस्त झाला. प्रत्यक्षात तो प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून चालू असे. दोन तज्ज्ञांचे मतभेद कसे होत, आधी कोणी थांबावयाचे, हे शिकणाऱ्याला कळत नाही. त्याच्या हाती केवळ निष्पन्न पडते. याउलट, भाजलेल्या एका वैमानिकाच्या चेहऱ्यावर मोठे त्वचारोपण एकाच वेळी केल्याने तो दगावला, ही घटना गिलीज यांनी लपविलेली नाही. टप्प्याटप्प्याने जाणे योग्य ठरले असते, असा निष्कर्षही ते काढतात. अध्यापक म्हणून ते येथे सर्वांत मोठे वाटतात. १९५७ मध्ये राल्फ मिलार्ड यांच्यासह लिहिलेल्या द्विखंडात्मक ग्रंथात हा मोकळेपणा अधिक आहे, आणि शिष्य सहलेखक असल्याचा तो परिणाम असावा.

लिखित वर्णनाची मर्यादा आपल्याकडच्या एका उदाहरणाने ध्यानात येते. पुण्याजवळ कापलेले नाक कपाळाच्या त्वचेने पुन्हा घडविल्याचा वृत्तांत १७९४ मध्ये ‘जंटलमन्स मॅगेझिन’मध्ये छापून आला. तो वाचून लंडनच्या कार्प्यू यांनी ती शस्त्रक्रिया केली १८१४ मध्ये. वीस वर्षे! करणाऱ्याचे हात लंडनला गेले नव्हते, शाई तेवढी गेली.

आज ब्रिटनमध्ये या शाखेच्या तज्ज्ञाला दंतवैद्यक व वैद्यक अशा दोन्ही पदव्या घ्याव्या लागतात. अमेरिकेत किमान चार वर्षांच्या प्रशिक्षणातील काही महिने विद्यार्थी भूलविभागाचाच निवासी म्हणून जबाबदारी उचलतो. आपला पदव्युत्तर दंतवैद्यकीय अभ्यासक्रम तीन वर्षांचा. अन्य विभागांत विद्यार्थी पाठविण्याची तरतूद त्यातही असते. परंतु स्वतंत्र दंतमहाविद्यालयाला जोडून मोठे रुग्णालय नसेल, तर ही पाठवणी हजेरीपुरती राहण्याचा धोका उघड आहे. भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेपुरता येतो, भूल देतो, निघून जातो. फुटलेल्या जबड्याचा रुग्ण मध्यरात्री गुदमरू लागला, तर नळी कोणी घालावयाची आणि ती त्याला कोणी शिकविली, याचे उत्तर अभ्यासक्रमाच्या छापील पानावर मिळत नाही. ते त्या रात्रीच्या कामवाटपाच्या तक्त्यावर पाहावे लागते.