रोमच्या कागदात पाट नाही

लिटरेचर रिव्ह्यूमध्ये काही कागद टाळून चालत नाही. जमिनीच्या हक्कांवर लिहिणाऱ्याला असा टाळता न येणारा कागद म्हणजे एफएओची ‘स्वेच्छा मार्गदर्शक तत्त्वं’. जागतिक अन्नसुरक्षा समितीने ती 11 मे 2012 रोजी रोममध्ये मंजूर केली. 7 भाग, 26 कलमं. जमीन, मत्स्यव्यवसाय आणि वनं यांच्यावर कोणाचा हक्क, कसला, किती काळ आणि सरकारने तो कसा जपावा, हा विषय. माझं काम भूजलावर, बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात. त्यामुळे मी ही तत्त्वं नीरा डाव्या कालव्यावर ठेवून वाचली, आणि तिथे ती अडखळतात.

आधी चांगलं सांगते. कागदावर नोंद नसलेला हक्कसुद्धा हक्कच, हे ही तत्त्वं स्वच्छ मान्य करतात. बायकांचा जमिनीवरचा हक्क तोंडी लावण्यापुरता येत नाही, पायाभूत तत्त्वांतच येतो. जमीन घेण्याआधी लोकांना विचारा, हेही आहे. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून ज्यांना तलाठी कार्यालयातून परत पाठवतात, त्यांच्या हातात हा कागद उपयोगाचा आहे.

पण पाणी? ते प्रस्तावनेत एकदा येतं. भावार्थ असा, की जमिनीशी जोडलेली पाणी, खनिजं अशी इतर संसाधनंही देशांना वाटल्यास विचारात घ्यावीत. वाटल्यास! ज्या भागात वर्षाला साधारण 500 मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे पाणी सोडून जमिनीच्या हक्काबद्दल बोलणं म्हणजे बैल सोडून गाडीची मापं घेण्यासारखं आहे.

नीरा डावा कालवा 1885 पासून वाहतोय. तो पुरंदरचा काठ धरून बारामतीत येतो आणि शेवटी इंदापुरात जातो. जमिनीची मालकी पिढ्यान्‌पिढ्या चालते. पाटाच्या पाण्याचं तसं नाही, त्याच्यासाठी हंगामाला सात नंबरचा अर्ज भरायचा आणि आवर्तनाची वाट बघायची. टेलच्या शेतकऱ्याकडे अर्ज मंजूर असतो, पाळी ठरलेली असते, पण पाणी येईपर्यंत पीक माना टाकतं. 2005 च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना मोजून पाणी द्यायचं ठरलं खरं, पण ते मोजून दिलेलं पाणीही आधी टेलपर्यंत पोचायला हवं ना.

शिवाय वाटणी वरूनच बदलते. 2019 मध्ये नीरा-देवघरचं डाव्या कालव्याकडे येणारं जादा पाणी बंद करण्याचा निर्णय झाला. सरकार बदललं, 2020 मध्ये वाटप पुन्हा ठरलं. उजव्या कालव्यावर फलटण, माळशिरस वगैरे तालुके आहेत, त्यांचीही बाजू आहे आणि ती हलकी नाही. माझा मुद्दा वेगळाय. या दोन निर्णयांत हजारो एकरांची किंमत खालीवर झाली आणि कोणाच्याही सातबाऱ्यावरचं एक अक्षर बदललं नाही. रोमची तत्त्वं जमिनीच्या नोंदी पारदर्शक करा म्हणून पानंच्या पानं सांगतात. इथे नोंद पारदर्शकच आहे, पण जे हललं ते नोंदीत कधी नव्हतंच.

विहिरीचं उदाहरण तर अभ्यासाला फारच सुंदर आहे (अभ्यासालाच). पाटाच्या किंवा उजनीच्या फुगवट्याच्या कडेला गुंठा-दोन गुंठे जमीन विकत घ्यायची, विहीर पाडायची, मोटार बसवायची आणि काही किलोमीटर पाइपलाइन करून पाणी आपल्या मळ्यात न्यायचं. आपल्याकडे 1882 च्या ईझमेंट अ‍ॅक्टपासून जमीनमालकाला स्वतःच्या हद्दीत जमिनीखालचं पाणी उपसता येतं. पण खडकाला हद्द कळत नाही. बेसाल्टच्या वरच्या झिजलेल्या थरात, मुरमात पाटाचं पाणी झिरपतं आणि ती विहीर तेच ओढते. म्हणजे नोंद एका गुंठ्याची आणि उपसा सगळ्या शिवाराच्या पाझराचा. शेजारच्याची विहीर त्यामुळे उतरली, तर ‘जमिनीचा हक्क’ अबाधित ठेवूनही त्याची शेती गेलेली असते.

गंमत म्हणजे आपला जुना कायदा इथे रोमच्या पुढे आहे. तत्त्वांच्या 15व्या कलमात फेरवाटपासाठी कमाल जमीनधारणेचा पर्याय सुचवलाय. महाराष्ट्राच्या 1961 च्या कमाल धारणा कायद्यात, पुढच्या दुरुस्त्यांनंतर, ती मर्यादा बारमाही बागायतीला 18 एकर आणि कोरडवाहूला 54 एकर आहे. एकराची किंमत पाण्यावर ठरते, हे तेव्हाच्या कायद्याला कळलं होतं.

त्याच कायद्याची दुसरी बाजू मात्र इंदापुरातच दिसते. वालचंदनगरच्या साखर कंपनीने 1930 च्या दशकात शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या होत्या. इथे मालक छोटा आणि कूळ कंपनी! 1961 नंतर कंपनीकडची जादा जमीन सरकारजमा झाली, 1963 मध्ये शेती महामंडळ निघालं आणि मूळ मालक, म्हणजे खंडकरी, जमीन परत मिळवायला भांडत राहिले. वाटप सुरू व्हायला 2012 उजाडलं, रोमचा कागद मंजूर झाला तेच वर्ष. खंडाने कसणाऱ्याला संरक्षण द्या, असं ही तत्त्वं सांगतात ते योग्यच, पण कसणारा बलदंड असेल तर काय, याचं उत्तर मला त्यांत पुरेसं सापडलं नाही. ‘रास्त’ हक्क कोणता, हे ठरवणं त्यांनी ज्या-त्या देशावर सोडलंय. या प्रकरणात रास्त कोण, हे ठरायला आपल्याला जवळपास 50 वर्षं लागली.

पाण्याचा हक्क जमिनीपासून सोडवता येतो का? शेजारच्या पुरंदरात विलासराव साळुंखे यांनी 1970 च्या दशकात नायगावला पाणी पंचायत उभी केली, ती याच प्रश्नावर. तिथे पाणी एकरांवर नाही, माणशी. माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस बंद. माझ्या मते जमिनीच्या हक्कावरच्या कुठल्याही जागतिक दस्तऐवजापेक्षा हे चार नियम जास्त नेमके आहेत. पण ते नीरेवर उचलून ठेवता येणार नाहीत. नायगावला पाणी नव्याने येत होतं, कोणाकडून काढून घ्यायचं नव्हतं. नीरेचं पाणी पिढ्यांपासून कोणाच्या ना कोणाच्या उसात आहे.

एफएओनेच 2016 मध्ये स्टीफन हॉजसन यांचा ‘वॉटर टेन्युअर’ या कल्पनेवरचा निबंध काढला. पाण्याचा हक्क लायसन्सपुरता न बघता लोकांचं पाण्याशी प्रत्यक्ष असलेलं नातं बघा, अशी त्याची मांडणी आहे. पाटाशेजारची गुंठाभर जमिनीवरची विहीर त्या चौकटीत कुठे बसते, ते पुढच्या पोस्टमध्ये बघू.