परिषदेचा चेहरा: म्यूनिक १९७२ कडून काय घ्यावं, काय घेऊ नये

एखाद्या व्यावसायिक परिषदेला गेलात की गळ्यात ओळखपत्र येतं. त्यावर सगळ्यात मोठं काय छापलेलं असतं, आठवून बघा. परिषदेचा लोगो. मग प्रायोजकांची रांग. आणि अगदी तळाशी, चहाच्या टेबलापाशी समोरच्याने डोळे बारीक केले तरी वाचता येणार नाही अशा अक्षरांत, तुमचं नाव. शिवाय दोरी एकाच टोकाला अडकवलेली असेल तर ते ओळखपत्र हमखास उलटं फिरतं आणि जगाला मागची कोरी बाजू दिसते.

आजचा विषय आहे कार्यक्रमाची दृश्य ओळख, म्हणजे व्हिज्युअल आयडेंटिटी. माझी तक्रार अशी, की आपल्याकडे ही ओळख व्यासपीठामागच्या बॅकड्रॉपसाठी केली जाते, कारण फोटो तिथे निघतात. ज्या माणसाला हॉल क्रमांक ३ सापडत नाही, तो डिझायनरच्या डोळ्यांसमोर नसतोच.

यासाठी मी उदाहरण घेणार आहे १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकचं. ती काही परिषद नव्हती, मान्य आहे. पण हजारो अनोळखी माणसं, अनेक भाषा, मोजके दिवस, आणि प्रत्येकाने योग्य दारातून आत जायचं, हा प्रश्न तोच आहे. फक्त आकार मोठा.

हे काम ओटल आयशर यांच्याकडे होतं. उल्म गावचा माणूस, हिटलर यूथमध्ये जायला नकार दिलेला. पत्नी इंगे शोल. म्हणजे १९४३ मध्ये नाझींनी ज्यांना मारलं त्या हान्स आणि सोफी शोल यांची बहीण. आता जर्मनीत याआधीचं उन्हाळी ऑलिंपिक झालं होतं १९३६ मध्ये, बर्लिनला, हिटलरच्या छत्राखाली. लाल-काळे झेंडे, ताठ रांगा. तेव्हा आयशर यांनी आधी काय वापरायचं नाही ते ठरवलं: लाल आणि काळा या कार्यक्रमाचे रंग असणार नाहीत. उरले आल्प्सच्या बाजूचे रंग. फिका निळा, हिरवा, पांढरा, रुपेरी, जोडीला केशरी. हे रंग शोभेचे नव्हते. प्रसारमाध्यमं, तांत्रिक सेवा, पाहुण्यांची सरबराई अशा विभागांना रंग वाटून दिले होते, त्यामुळे गणवेशावरूनच कळायचं की हा माणूस कुठल्या विभागाचा. अक्षरं सगळीकडे एकाच वळणाची, फ्रुटिगर यांचं युनिव्हर्स. खेळांच्या चित्रखुणा एकाच जाळीवर बांधलेल्या, रेषा फक्त आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांत तिरक्या. खुणांची कल्पना १९६४ च्या टोकियोत आधीच आली होती. आयशर यांनी तिला व्याकरण दिलं.

आणि लोगो? तीच गंमत आहे. आयशर यांचं मूळ किरणांचं बोधचिन्ह आयोजकांनी नाकारलं. पुढे कोर्ट फॉन मानस्टाइन यांनी त्याला सर्पिलाकार वळण दिलं, ते वापरलं गेलं. मधल्या काळात बाकीचं काम काही अडून बसलं नाही. आपल्याकडे लोगो मंजूर होईपर्यंत समितीच्या पाच बैठका होतात आणि दिशाफलक आदल्या रात्री फ्लेक्सवाल्याकडे जातात.

पण म्यूनिकचं नुसतं कौतुक करून मला थांबता येत नाही. ५ सप्टेंबरच्या पहाटे क्रीडाग्रामात हल्लेखोर शिरले आणि इस्राएलच्या संघातले ११ जण मारले गेले. तिथले सुरक्षा कर्मचारी निःशस्त्र होते, फिक्या निळ्या गणवेशात. याचं खापर रंगांवर फोडणं मूर्खपणाचं होईल. सुरक्षेचे निर्णय दुसऱ्यांचे होते. तरी एक प्रश्न उरतोच. ‘आम्ही आता तसे राहिलो नाही’ हे दाखवण्याची इच्छा इतकी प्रबळ होती, की दिसणं हीच तयारी वाटू लागली होती का? मला वाटतं, काही प्रमाणात हो. ओळख आश्वासन देते. ते पाळायची व्यवस्था मागे नसेल तर ओळख जितकी उत्तम, तितकी ती माणसाला जास्त बेसावध करते. ‘सर्वांसाठी सुगम’ अशी सुंदर खूण दारावर असते, आणि आत व्यासपीठाला चार पायऱ्या असतात, रॅम्प नसतो. हे आपण पाहतोच.

उल्मचा धागा आपल्याकडेही आला आहे. आयशर जिच्या संस्थापकांपैकी एक, त्या उल्मच्या डिझाइन शाळेत सुधाकर नाडकर्णी शिकले, आणि १९६९ पासूनच्या आयआयटी मुंबईच्या आयडीसीच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा आहे. म्हणजे ही पद्धत आपल्याला परकी नाही. मग अडतं कुठे? माझ्या मते देवनागरीत. आपल्या परिषदांची ओळख आधी रोमनमध्ये बनते आणि मराठी तिच्याखाली नंतर चिकटवली जाते. रोमनसाठी ठरवलेल्या अंतरात देवनागरी कोंबली की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. रोमन अक्षरं सुटी सुटी ठेवायची फॅशन आहे. तेच देवनागरीला केलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात. फॉन्टला जाड वजन नाही म्हणून बाहेरून रेघ देतात, मग ‘क्ष’ आणि ‘ध्द’ची पोटं बुजतात. (‘ध्द’ मुद्दाम म्हटलं. फलकांवर ‘शुद्ध’ सुद्धा ‘शुध्द’च असतं.)

पैशांचा मुद्दा कुणीतरी काढणारच, म्हणून आधीच सांगतो. दोन्ही लिप्या एकत्र विचार करून केलेले फॉन्ट आज फुकट मिळतात. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता घ्या. रंग दोन पुरेत. सुरुवात ओळखपत्रापासून करा, आणि नोंदणीच्या यादीतलं सगळ्यात लांब नाव घेऊन, आडनावासकट, दोन्ही लिप्यांत. ते साध्या प्रिंटरवर छापून भिंतीला लावा आणि सहा-सात पावलं मागे जा. वाचता आलं तर तोच फॉन्ट, तेच रंग दिशाफलकांना, मग कार्यक्रमपत्रिकेला. बॅकड्रॉप सगळ्यात शेवटी. प्रायोजक कुरकुरतील. त्यांना ओळखपत्राची मागची बाजू द्या. नाहीतरी अर्धा वेळ तीच दिसते.

चला, प्रश्न घेऊ.