हलव्याचा कांटा आणि लेखकाची प्रतिभा

हिंवाळा लागला कीं आमच्या मासिकांतून आणि वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून एका ठराविक लेखाचें पीक येऊं लागतें. लेखक पहाटे उठतो, शाल पांघरून बाहेर पडतो, धुकें पाहतो, कोणतें तरी पाखरूं कोणत्या तरी झाडावरून त्याला साद घालतें, आणि तो घरीं परतेपर्यंत त्याच्या अंगांत प्रतिभेचा संचार झालेला असतो. याच्या जोडीला अलीकडे दुसराहि एक उपदेश ऐकूं येतो. हातानें कांहीं तरी करावें, माती मळावी, लोकर विणावी, कापडाचे तुकडे जोडावे, म्हणजे मन मोकळें होतें आणि नव्या कल्पना सुचूं लागतात, असें सांगण्यांत येतें. या गोष्टी खोट्या आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. त्या खऱ्या आहेत. परंतु ज्या अर्थानें त्या सांगितल्या जातात त्या अर्थानें खऱ्या नाहींत, आणि हा भेद न कळल्यामुळें आमच्या ललित गद्याचें फार नुकसान होत आहे. म्हणून या प्रश्नाची थोडी फोड करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

काव्य कशानें निर्माण होतें, याचें उत्तर मम्मटानें 'काव्यप्रकाशां'त तीन गोष्टी सांगून दिलें आहे. पहिली शक्ति, म्हणजे जन्मजात प्रतिभा. दुसरी निपुणता, ती लोकव्यवहार, शास्त्रें व काव्यें यांच्या अवलोकनानें येते. तिसरा अभ्यास, तो काव्य जाणणाऱ्यांच्या शिकवणीखालीं करावयाचा. येथें मौज अशी कीं, कारणें तीन सांगूनहि मम्मटानें 'हेतु' हा शब्द एकवचनीं वापरला आहे, आणि हे तीन निरनिराळे हेतु नसून तिन्ही मिळून एकच हेतु होतो, असें स्वतःच स्पष्ट केलें आहे. रानांतून फिरणें हा अवलोकनाचा भाग आहे आणि हातानें वस्तु घडविणें हा अभ्यासाचा धडा आहे, असें आम्ही समजतों. आजच्या लेखकाची चूक एवढीच कीं, तो या दोहोंना पहिल्या कारणाच्या जागीं बसवितो. बाहेरची हवा अंगाला लागली कीं शक्ति आपोआप आंत शिरेल, अशी त्याची समजूत असते.

तीन गोष्टी मिळून एक कारण कसें होतें, हें समजण्यासाठीं ग्रंथच चाळावयास पाहिजेत असें नाहीं. संक्रांतीच्या आधीं, महालांतील ज्या घरांत हलवा घरीं करण्याची चाल अजून टिकून आहे तेथें तें डोळ्यांनीं पाहावयास मिळतें. तीळ किंवा खसखस परातींत घेऊन ती परात मंद निखाऱ्यांवर ठेवावयाची. मळी काढून स्वच्छ केलेला पाक चमच्यानें थोडा थोडा तीवर सोडावयाचा. आणि तो सुके तोंपर्यंत दाणे बोटांनीं हलकेच फिरवीत राहावयाचे. विस्तव भडकला तर साखरेची पिठी होते. पाक एकदम पडला तर दाण्यांचे गोळे होतात. हात थांबला तर दाणा दाण्याला चिकटतो. जाणत्या बायका हें काम पहाटेच्या गारव्यांत करतात, कारण थंडींत कांटा चांगला येतो असा त्यांचा अनुभव आहे. असें कांहीं दिवस केल्यावर दाण्यावर शुभ्र कांटा उमटतो, आणि मग त्याच दाण्यांतून नव्या सुनेचें मंगळसूत्र व बाजूबंद आणि बोरन्हाणाच्या बाळाचा मुकुट गुंफला जातो. आतां हा कांटा आला कशानें? थंडीनें म्हणावें तर थंडी साऱ्या शहरावर पडली होती. साखरेनें म्हणावें तर ती वाण्याकडे पोत्यांनीं पडलेली आहे. हातानें म्हणावें तर तोच हात वैशाखांत असें यश देत नाहीं. तिन्ही एकत्र आलीं तेव्हां कांटा आला. हिंवाळ्याची पहाट लेखकाला उपयोगी पडते ती याच रीतीनें.

प्रथम फिरण्याची गोष्ट घेऊं. महालांतून निघून पश्चिमेस अंबाझरीकडे गेलें, किंवा शहराची हद्द ओलांडून शेतांच्या बाजूला वळलें, तर मार्गशीर्ष-पौषांत पाहण्यासारखें पुष्कळ असतें. तलावावर उत्तरेकडून आलेलीं बदकें उतरलेलीं असतात. काठच्या ओल्या मातींत धोबी पक्षी शेपटी वरखालीं करीत धांवत असतो. शेतांत जवसाला बारीक निळें फूल येतें. हरभऱ्याच्या पानांवर आंब धरते, आणि पहाटे त्यांवर फडकें फिरवून ती गोळा करणारीं माणसें आहेत. आंबिया बहाराचीं संत्रीं बागांतून उतरत असतात, आणि पुढें कांटेसावर पानें टाकून देऊन लाल फुलांनीं भरूं लागते. हिंवाळ्यावरील आमच्या लेखांत यांतलें किती येतें? तेथें असते ती गुलाबी थंडी, धुक्याची दुलई आणि दंवाचे मोती. या लेखांची परीक्षा करण्याची एक सोपी रीति आम्ही वाचकांस सुचवितों. लेखांतल्या गांवाचें नांव बदलून पाहावें. नागपूरच्या जागीं पुणें घातलें आणि दुसरें एक अक्षरहि बदलावें लागलें नाहीं, तर लेखकाचे पाय फिरून आले असतील, पण डोळे घरींच राहिले असें खुशाल समजावें.

आमच्या परंपरेंत असें नव्हतें. 'ऋतुसंहारां'त हेमंताला व शिशिराला स्वतंत्र सर्ग आहेत, आणि शृंगाराची रेलचेल असूनहि हेमंत तेथें पिकलेल्या साळीनें व क्रौंचांच्या आवाजानें ओळखूं येतो. मराठींत हें काम दुर्गाबाई भागवत यांनीं १९५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'ऋतुचक्रां'त केलें. महिन्यामागून महिना घेऊन त्यांनीं झाडें, पानें, आकाश आणि लोकांच्या समजुती यांचा असा मेळ घातला कीं, शहरांत राहणाऱ्या वाचकालाहि आपल्याच रस्त्यावरचें झाड नव्यानें दिसूं लागलें. क्वचित् रंगांच्या विशेषणांची तेथें गर्दी होते, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु पुस्तकाचें बळ विशेषणांत नाहीं. एकाच झाडाकडे वर्षभर पुन्हां पुन्हां पाहण्याची जी चिकाटी आहे, तिच्यांत तें आहे. या बाईंना स्वयंपाकाची तशीच भरतकाम-विणकामाची मनापासून आवड होती, आणि 'खमंग' हें पाककृतींचें पुस्तकहि त्यांनीं लिहिलें. विद्वत्ता आणि हाताचें काम यांत त्यांनीं उच्चनीच मानलें नाहीं. त्यांच्या गद्यांतला नेमकेपणा या वृत्तीपासून वेगळा काढतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं.

विदर्भापुरतें बोलावयाचें तर मारुती चितमपल्ली यांचें उदाहरण अधिक जवळचें आहे. १९३२ सालीं सोलापुरांत जन्मलेला हा वनाधिकारी नोकरीच्या निमित्तानें नवेगांवबांधच्या तलावाकाठीं राहिला, पुढें वर्षानुवर्षें नागपुरांत राहिला, आणि १८ जून २०२५ रोजीं सोलापुरांतच निवर्तला. निसर्गाची त्यांनीं नुसती वाखाणणी केली नाहीं. रानांत राहणारे लोक, मासे धरणारे ढीवर, वाटाडे यांच्या तोंडून त्यांनीं पांखरांचीं व झाडांचीं नांवें वेंचलीं, संस्कृत ग्रंथ धुंडाळले, आणि जेथें शब्द नव्हता तेथें तो घडविला. बगळे, करकोचे वगैरे पक्षी जेथें एकत्र घरटीं बांधतात त्या जागेला 'सारंगागार' हा शब्द त्यांनींच रूढ केला. ऐकीव कथा आणि प्रत्यक्ष पाहिलेलें यांमधील रेघ त्यांच्या कांहीं लेखांत पुसट होते. तेथें वाचकानें सावध असावें. तरीहि एक गोष्ट निर्विवाद आहे. त्यांच्या रानवाटांवरून परत येणाऱ्या वाचकाजवळ चार नवे शब्द असतात, आणि ज्याच्याजवळ शब्द आला त्याला ती वस्तु दिसूं लागते.

तिसरें उदाहरण परदेशाचें, पण आम्हांस परकें नाहीं. कारण थोरोचें 'वॉल्डन' मराठींत आणलें तें दुर्गाबाईंनींच. हिंवाळ्यांतील पायीं फिरण्यावर थोरोनें १८४३ सालीं स्वतंत्र निबंध लिहिला होता. त्याच्या घरचा धंदा पेन्सिली करण्याचा. शिसपेन्सिलीचें काळें मिश्रण सुधारण्यांत त्याचा स्वतःचा हात होता, आणि जमिनीची मोजणी करूनहि तो पोट भरीत असे. वॉल्डन तळ्याला तळच नाहीं, अशी लोकांची समजूत होती. १८४६ च्या आरंभीं तळें गोठलेलें असतां तो होकायंत्र, सांखळी आणि ओळंबा घेऊन बर्फावर गेला, बर्फाला भोंकें पाडून खोली मोजली, आणि ती अधिकांत अधिक १०२ फूट भरली असें त्यानें लिहून ठेवलें. अथांग तळ्यावर सुंदर परिच्छेद लिहिणें त्याला अवघड नव्हतें. पण मोजल्यानें तळ्याचें काव्य कमी झालें नाहीं. पुस्तकांतलें तळें खोल वाटतें तें त्या मापामुळेंच.

आतां हाताच्या कामाकडे वळूं. आमच्या महालांतच चितारओळ आहे. मातीची मोठी मूर्ति कशी उभी राहते हें ज्यानें पाहिलें आहे त्याला ठाऊक आहे कीं, लांकडी आधारावर तणस बांधून आकार घ्यावा लागतो, त्यावर मातीचे थर एकामागून एक चढवावे लागतात, प्रत्येक थर वाळूं द्यावा लागतो, पडलेल्या भेगा बुजवाव्या लागतात, मग पांढरा हात, मग रंग, आणि डोळ्यांची आखणी सर्वांच्या शेवटीं. घाई केली तर माती तडकून आपला नकार कळविते. आम्हांस वाटतें, लेखकाला कारागिरापासून घ्यावयाचें तें हेंच: द्रव्याचा नकार मानण्याची संवय. आमचे बरेच नवे लेखक डोळ्यांच्या आखणीपासून आरंभ करतात आणि थर द्यावयाचे राहून जातात.

यांत भाषेचाहि प्रश्न आहे, आणि आमच्या मतें तोच सर्वांत गंभीर आहे. नागपूर हें कोष्ट्यांचें शहर. १८७७ सालीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथें सुरू झाली, आणि आज ती मिलहि उरली नाहीं. हातमागांची संख्या घटत गेली तसे ताणा, बाणा, फणी, धोटा, कांडी हे शब्द घरांतून गेले, आणि केवळ लेखांतून राहिले. 'आयुष्याचा ताणाबाणा' असें जो आज लिहितो त्याला यांतला उभा धागा कोणता व आडवा कोणता हें विचारून पाहावें. ज्या उपमेमागचा हात गेला ती उपमा नाणें घासून गुळगुळीत व्हावें तशी होते. चालते, पण छाप दिसत नाहीं. एखादा धंदा बुडाला म्हणजे त्याबरोबर वाङ्मयाचीहि कांहीं मत्ता बुडते, ही गोष्ट आमच्या टीकाकारांनीं पुरेशी ध्यानांत घेतलेली नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो नागपूरकरच घेतील. कवि ग्रेस यांनीं कोणती पांखरें मोजलीं आणि कोणती माती मळली? 'संध्याकाळच्या कविता' हा त्यांचा संग्रह १९६७ सालचा. त्यांतली संध्याकाळ कोणत्याहि रस्त्यावरून चालत जाऊन गांठतां येणारी नव्हे, हें खरें. परंतु ग्रेस यांनीं जें द्रव्य निवडलें तें शब्दाचा नाद हें होतें, आणि त्या द्रव्याशीं त्यांचें वागणें कारागिराचें आहे. लय कोठें सैल सोडावी आणि कोठें ताणावी हें त्यांच्या कानाला विणकराच्या बोटाइतकें कळत असे. म्हणून प्रत्येक कवीनें तलावाकांठीं गेलेंच पाहिजे असा नियम आम्ही करीत नाहीं. ज्यानें जें द्रव्य घेतलें त्याचा त्यानें अभ्यास करावा, एवढेंच आमचें म्हणणें. ग्रेस यांचें धुकें उसनें घेऊन लिहिणारे पुष्कळ झाले. त्यांच्याजवळ तो कान नव्हता, म्हणून त्यांच्या कवितेंत धुकेंच तेवढें राहिलें.

आमच्या वाचकांच्या घरीं हा विषय केवळ वाङ्मयाचा नाहीं. सुटींत मुलांना छंदवर्गाला पाठविण्याची चाल आतां पडली आहे, आणि तेथें कापून, रंगवून तयार ठेवलेले तुकडे चिकटवून तासाभरांत सुरेख वस्तु घरीं आणतां येते. ती दिवाणखान्यांत शोभते. पण तींत कांहीं बिघडण्याची सोयच ठेवलेली नसल्यामुळें मुलाच्या हाताला शिकावयास कांहीं उरत नाहीं. त्यापेक्षां या पौषांत त्याला आजीशेजारीं परातीजवळ बसवावें, त्याच्या हातून एक घाणा बिघडूं द्यावा, आणि दुसरा करवून घ्यावा. फिरावयास नेलें तर पांच झाडांचीं नांवें विचारावीं. तीं आपणांस येत नसतील तर माळ्याला विचारावीं, शेतकऱ्याला विचारावीं. हीं मुलें पुढें लेखक होतील कीं नाहीं हें कोणी सांगावें? परंतु तीं वाचक खास होतील, आणि 'एक अनामिक पाखरूं' असें लिहिणाऱ्याला त्याचें नांव विचारतील. असे वाचक संख्येनें वाढले तर हिंवाळी लेखांचें पीक थोडें कमी येईल, आणि दाण्यांत मात्र भरेल.